अल्फा-अमिनोॲडिपिक आम्ल : लेबलावरची दोन अक्षरं आणि माझे दीड महिने

तारकापेशी

नमस्कार मंडळी. मी इथं बहुतेक वाचनमात्र असते. आज लिहायला बसलेय, कारण गेले दीड महिने एका पांढऱ्या पुडीने माझी झोप घालवली आणि तिच्याबद्दल मराठीत वाचायला काहीच मिळालं नाही.

मी पुण्यात पीएचडी करते, दुसरं वर्ष. काम मेंदूतल्या ग्लिया पेशींवर. चेतापेशी सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या आजूबाजूला ज्या बाकीच्या पेशी असतात त्यांना रुडॉल्फ व्हिर्कोने १८५६ साली न्यूरोग्लिया असं नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, डिंक. म्हणजे चेतापेशी चिकटवून ठेवणारी खळ. ते नाव पुढे शंभर वर्षं या पेशींना भोवलं, कारण खळीचा अभ्यास कोण करणार? कॉलेजात आम्हाला ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात असं शिकवलं होतं, तेही खरं नाही. २००९ साली ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या गटाने माणसाच्या मेंदूतल्या पेशी नीट मोजल्या, तेव्हा साधारण ८६ अब्ज चेतापेशी आणि ८५ अब्ज इतर पेशी असा जवळपास बरोबरीचा हिशेब निघाला.

ग्लियातला मोठा वर्ग ॲस्ट्रोसाइटचा. फांद्या ताऱ्यासारख्या पसरलेल्या, म्हणून मी त्यांना तारकापेशी म्हणते. चेतापेशी एकमेकींशी बोलताना ग्लुटामेट सोडतात. ते तिथंच साचून राहिलं तर चेतापेशी अति उत्तेजित होऊन मरतात. तारकापेशी ते उचलतात, त्याचं ग्लुटामिन करतात आणि परत चेतापेशींना देतात. हे ग्लुटामिन करणारं विकर, ग्लुटामिन सिंथेटेज, मेंदूत मुख्यतः तारकापेशींतच असतं.

माझा प्रश्न साधा आहे : तारकापेशी काढून टाकल्या तर चेतापेशींचं काय होतं? पण एकाच थाळीत दोन्ही वाढत असताना फक्त एक जात काढायची कशी? इथं अल्फा-अमिनोॲडिपिक आम्ल येतं. हे ग्लुटामेटसारखंच अमिनो आम्ल, फक्त साखळीत एक कार्बन जास्त. तारकापेशींची ग्लुटामेट उचलणारी यंत्रणा यालाही ग्लुटामेट समजून आत घेते. आत गेल्यावर ते ग्लुटामिन सिंथेटेजच्या आड येतं आणि ग्लुटाथायोन बनवण्याची पहिली पायरीही अडवतं. पेशीची जहर पचवायची ताकद कमी होते आणि ती मरते. जिचं काम ग्लुटामेट गोळा करण्याचं, ती त्याच कामामुळे मरते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं.

आता माझं काय चुकलं ते. उंदराच्या पिल्लांच्या मेंदूपासून मिश्र कल्चर लावलं, म्हणजे थाळीत चेतापेशी आणि ग्लिया एकत्र वाढवल्या. पूड पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून थोड्या आम्लात विरघळवली आणि मीडियात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, घातली. दुसऱ्या दिवशी सगळंच मेलेलं, चेतापेशीसुद्धा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की पूड घालताक्षणी मीडियाचा रंग लालसरवरून पिवळा होतोय. मीडियात आम्लता दाखवणारा फिनॉल रेड नावाचा रंग असतो, तो पिवळा पडला म्हणजे आम्लता वाढली. माझ्या पेशी पुडीने मरतच नव्हत्या, आम्लाने मरत होत्या. मग पीएच ७.४ वर आणून घातलं आणि विषाशिवाय तेवढंच द्रावण घातलेली एक थाळी शेजारी ठेवली.

यावेळी छान दिसलं. तारकापेशी विरळ, चेतापेशी ठणठणीत. मी आनंदात गाइड मॅडमना दाखवलं. त्यांनी बाटली मागितली, हातात फिरवली आणि विचारलं, "हे डीएल आहे. पेपरात काय वापरलंय?"

मी ज्या पेपरावरून प्रयोग करत होते त्यात एल होतं. बाटली लॅबमधल्या आधीच्या कुणीतरी मागवलेली, डीएल मिश्रण स्वस्त पडतं म्हणून. मी लेबल रोज बघत होते, वाचत नव्हते.

हे इतकं महत्त्वाचं का, ते खाली विचारलंत तर सविस्तर लिहीन. अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

आडवाटेने

फार आवडलं. मी वाणिज्य शाखेचा, तरी इथपर्यंत समजलं. डी आणि एल म्हणजे नेमकं काय? एकच पदार्थ ना?

तारकापेशी

@आडवाटेने, घटक तेच, जोडणीही तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. डाव्या आणि उजव्या पायाची चप्पल घ्या. माप तेच, चामडं तेच, पण डावी उजव्या पायात जात नाही. आपल्या शरीरातली प्रथिनं एल अमिनो आम्लांची असतात. डीएल म्हणजे दोन्ही चपला निम्म्या निम्म्या एकाच पोत्यात.

आणि इथं दोन्ही चपला वेगवेगळी कामं करतात. सेंट लुईसचे जॉन ओल्नी यांनी १९६९ साली मोनोसोडियम ग्लुटामेट टोचलेल्या नवजात उंदरांच्या मेंदूतल्या चेतापेशी मरतात हे दाखवलं होतं. (ते टोचून, मोठ्या मात्रेत. चायनीजच्या गाडीशी त्याचा थेट संबंध लावू नका.) पुढे त्यांच्याच गटाने अमिनोॲडिपेटकडे (म्हणजे याच आम्लाकडे) पाहिलं आणि १९८० साली लिहिलं की ग्लिया मारण्याचं काम एल रूप करतं, आणि चेतापेशींना ग्लुटामेटच्या माऱ्यापासून वाचवण्याचं काम डी रूप करतं. कारण डी रूप चेतापेशीवरचा एनएमडीए नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेटचा निरोप पकडणारी जागा) अडवतं.

आता माझ्या थाळीकडे बघा. निम्मी पूड तारकापेशी मारतेय, उरलेली निम्मी चेतापेशींवर छत्री धरतेय. आणि मी म्हणणार होते, "बघा, तारकापेशींशिवायही चेतापेशी छान जगतात." हे वाक्य पोस्टरवर गेलं असतं.

सूक्ष्मदर्शी

तारकापेशी, तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा.

मी बारा वर्षं पेशीसंवर्धनात आहे. दोन-तीन गोष्टी.

एक, तुम्ही तारकापेशी विरळ झाल्या हे कशावरून म्हणताय? फक्त जीएफएपीच्या रंगावरून असेल तर थांबा. जीएफएपी हे तारकापेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन. ते कमी दिसलं म्हणजे पेशी मेलीच असं नाही, आजारी पेशीही ते कमी बनवू शकते. शिवाय मेंदूच्या बाह्यकात बऱ्याच निरोगी तारकापेशींत ते मुळातच कमी असतं. सोबत एस-१००-बीटा, ही तारकापेशींची दुसरी खूण, लावा. मेलेल्या पेशी मोजायचा वेगळा रंगही लावा. तेव्हाच मेल्या म्हणा.

दोन, मिश्र कल्चरमध्ये मायक्रोग्लिया असतातच. मेंदूतल्या सफाई कामगार म्हणा. तारकापेशी मेल्या की त्या मढी उचलायला धावतात, स्वतः उद्दीपित होतात आणि नाना रसायनं सोडतात. मग चेतापेशींवर दिसणारा परिणाम तारकापेशी नसल्याचा की मायक्रोग्लिया चवताळल्याचा? आयबा-वन या मायक्रोग्लियाच्या खुणेने त्याही मोजा.

मायक्रोग्लियासाठी दुसऱ्या एका अमिनो आम्लाचा साधा एस्टर वापरतात, ल्युसिन मिथाइल एस्टर. तो पेशीच्या लायसोसोममध्ये, म्हणजे कचरा पचवायच्या पिशवीत, जमा होतो. तिथलं कॅथेप्सिन सी नावाचं विकर त्याचे तुकडे एकमेकांना जोडून लांब साखळ्या करतं आणि त्या साखळ्या पिशवी आतून फोडतात. मायक्रोग्लिया आणि भक्षकपेशींत हे विकर भरपूर, म्हणून त्या आधी जातात. आम्ही शुद्ध तारकापेशी हव्या असल्या की आधी शेकरवर रात्रभर हलवून मायक्रोग्लिया सुट्या करतो (मॅकार्थी आणि डी व्हेलिस यांची १९८० ची पद्धत) आणि तरी चिकटून राहिलेल्यांसाठी हा एस्टर. तुमच्या एल-अमिनोॲडिपेटसारखीच गोष्ट आहे, पेशीचं जे वैशिष्ट्य तेच तिचं मर्मस्थान.

तिसरं उद्या लिहितो, आता फ्लास्क काढायची वेळ झाली.

नेत्रपटल

जर्मनीतून लिहितोय. माझं काम डोळ्याच्या पडद्यावर, आणि अमिनोॲडिपेट आमच्याकडे जुना ओळखीचा.

डोळ्याच्या पडद्यात म्युलर पेशी असतात. हाइनरिश म्युलर यांनी १८५१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. तारकापेशींच्या चुलत बहिणीच म्हणा. पडद्याची पूर्ण जाडी पार करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभ्या असतात, वाड्यातल्या खांबांसारख्या. आणि नुसत्या खांब नाहीत. २००७ साली लाइपझिगच्या गटाने दाखवलं की त्या प्रकाशतंतूसारखं कामही करतात. प्रकाश पडद्याच्या पुढच्या थरांत विखुरला जाऊ नये म्हणून त्याला सरळ मागच्या प्रकाशपेशींपर्यंत पोचवतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खिडकीबाहेर बघत बराच वेळ नुसता बसलो होतो.

१९७० च्या दशकाच्या शेवटी उंदरांच्या डोळ्यात डीएल-अमिनोॲडिपेट टोचून म्युलर पेशी नष्ट करता येतात हे दिसलं. तेव्हापासून प्रश्न तुमच्यासारखाच : या पेशी गेल्या तर पडद्याचं काय? मोठं उत्तर रक्तवाहिन्यांचं आहे. म्युलर पेशी गेल्या की पडद्यातल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात. सशाच्या डोळ्यात हे पाझरणं महिनोन्महिने टिकतं, म्हणून तो नमुना औषधांच्या चाचणीसाठी वापरतात. माणसात मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया नावाचा दृष्टिपटलाचा आजार आहे, त्यातही म्युलर पेशी कमी झालेल्या आढळतात.

एक विलक्षण गोष्ट राहिली. २००८ मध्ये प्रौढ उंदरांच्या डोळ्यात हेच द्रव्य कमी मात्रेत दिलं तर म्युलर पेशी मरण्याऐवजी विभागू लागतात आणि मूलपेशींसारख्या खुणा दाखवतात असं प्रसिद्ध झालं. झेब्राफिशमध्ये म्युलर पेशी जखमी पडदा नव्याने घडवतात, आपल्यात नाही. म्हणून या निरीक्षणाचं आम्हाला इतकं अप्रूप. एकच द्रव्य, मात्रा बदलली की मारणारं ते जागं करणारं. तेव्हा तुमच्या मात्रेच्या वेगवेगळ्या पायऱ्या नक्की करून बघा, एकाच मात्रेवर विसंबू नका.

मेथीदाणा

धागा वाचून एक शंका. माझ्या आईला मधुमेह आहे. तिच्या निमित्ताने वाचताना 'टू-अमिनोॲडिपिक ॲसिड रक्तात वाढलेलं असतं' असं काहीतरी वाचलं होतं. हेच का ते? तसं असेल तर ते तिच्या मेंदूतल्या या पेशी मारतंय का? काळजी वाटली म्हणून विचारते.

तारकापेशी

@मेथीदाणा, ताई, द्रव्य तेच, पण घाबरू नका.

हे आपल्या प्रत्येकाच्या शरीरात रोज तयार होतं. लायसिन नावाचं अमिनो आम्ल आपण डाळींतून घेतो. तांदूळ-गव्हात ते कमी असतं, म्हणून वरणभाताची जोडी चांगली. गरजेपेक्षा जास्त झालेलं लायसिन शरीर मोडतं, त्या वाटेवर अमिनोॲडिपेट हा मधला थांबा. तिथून ते पुढे जातं, साठून राहत नाही. प्रयोगात आपण मेंदूत किंवा थाळीत जी मात्रा घालतो ती रक्तातल्या मात्रेच्या कितीतरी पट जास्त असते.

मधुमेहाचा अभ्यास २०१३ चा, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममधला. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य सगळ्यात वरच्या चौथाईत होतं त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका चौपटीहून अधिक होता, आणि आजार दिसण्याच्या १२ वर्षं आधीही ही वाढ दिसत होती. म्हणजे ती आधीच मिळणारी खूण आहे. त्यावरून मेंदूबद्दल काही अनुमान काढता येत नाही. आईंची औषधं आणि तपासण्या डॉक्टर सांगतील तशाच चालू ठेवा.

निवृत्त_पिंपरीकर

मी मेंदूतला माणूस नाही. पण अल्फा-अमिनोॲडिपिक हे नाव वाचलं आणि चाळीस वर्षं मागे गेलो, म्हणून लिहितो.

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी अँटिबायोटिक उत्पादनात आलो, फर्मेंटेशन विभागात. पेनिसिलिनची बुरशी पेनिसिलिन कसं बनवते ठाऊक आहे का? तीन अमिनो आम्लांची माळ ओवते. पहिला मणी तुमचं एल-अमिनोॲडिपिक, दुसरा सिस्टीन, तिसरा व्हॅलिन. या माळेची दोन वळणं बांधली की पेनिसिलिनचा गाभा तयार. मग बुरशी अमिनोॲडिपिकचा मणी काढून घेते आणि त्या जागी आम्ही टाकीत सोडलेलं फिनाइल ॲसेटिक आम्ल बसवते. झालं पेनिसिलिन जी. त्या आम्लाचा वास कपड्यांना लागला की घरी बायको दारातूनच ओळखायची मी कुठल्या पाळीला होतो.

मजेचा भाग पुढे आहे. माणूस लायसिन मोडताना अमिनोॲडिपिक बनवतो असं तुम्ही लिहिलंत. बुरशीचं उलटं. ती अमिनोॲडिपिकपासून लायसिन बनवते. म्हणून टाकीत लायसिन जास्त झालं तर बुरशी वरची वाट बंद करते, अमिनोॲडिपिक कमी पडतं आणि पेनिसिलिन घटतं. आम्हाला हे शिकवलं गेलं होतं आणि आम्ही ते रोजच्या आकड्यांत पाळत होतो.

आणि तुमच्या डी-एलची गंमत आमच्याकडेही. पेनिसिलिनच्या माळेत एल. पण सेफॅलोस्पोरिन सी बनवणारी बुरशी तोच मणी उलटवून डी करून घेते. तिथं उलटवणं चूक नाही, तीच तिची रीत.

लेबल वाचायचं राहिलं म्हणून स्वतःला फार लावून घेऊ नका. आमच्याकडे नवा माणूस आला की पहिला आठवडा फक्त पिंपांवरची लेबलं मोठ्याने वाचायला लावायचो.

तारकापेशी

@निवृत्त_पिंपरीकर, काका, डोळ्यांत पाणी आलं. लेबलं मोठ्याने वाचायची पद्धत आमच्या लॅबमध्ये उद्यापासून सुरू करते.

उंबरठा

एक नाजूक प्रश्न विचारतो. माझा धाकटा भाऊ नैराश्यातून गेला, अजून पूर्ण बाहेर नाही. त्याच्या काळात मी वाचलं होतं की उंदरांच्या मेंदूतल्या ग्लिया मारल्या की ते उदास होतात. ते याच द्रव्याने केलं होतं का? आणि एवढे प्राणी मारून काय मिळतं?

सूक्ष्मदर्शी

उंबरठा, तिसरा मुद्दा याचाच लिहायचा होता.

हो, याच द्रव्याने. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नैराश्य असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूत पुढच्या भागात ग्लिया कमी आढळल्याचं दोन-तीन गटांनी लिहिलं होतं. पण आजाराने ग्लिया कमी झाल्या की ग्लिया कमी झाल्याने आजार झाला, हे मृत मेंदूवरून कळत नाही. २००८ साली येल विद्यापीठातल्या मुनीरा बनस्र आणि रोनाल्ड डुमन यांनी उंदरांच्या त्याच भागात एल-अमिनोॲडिपेट सोडलं. उंदीर गोड पाणी पिणं कमी करू लागले, पोहण्याच्या चाचणीत लवकर हातपाय गाळू लागले. शेजारी दुसऱ्या गटात तिथल्याच चेतापेशी वेगळ्या विषाने मारल्या, त्या उंदरांत तसं दिसलं नाही. ही दुसरी तुकडी होती म्हणून त्या प्रयोगाला वजन आलं.

२०१४ मध्ये पोर्तुगालच्या गटाने हाच प्रयोग पुढे नेला. तारकापेशी गेल्यावर उंदरांना कामाची पद्धत बदलणं जड जायला लागलं आणि त्या भागातल्या चेतापेशींच्या फांद्याही आखडल्या. म्हणजे 'फक्त तारकापेशी मारल्या' हे वाक्य काही दिवसच खरं राहतं. तारकापेशी गेल्या की शेजारच्यांना झळ लागतेच. शिवाय काही दिवसांनी आजूबाजूच्या तारकापेशी रिकाम्या जागेत परतूही लागतात.

आणखी एक गुंता. अमिनोॲडिपेट पुढे नेणारं विकर तेच, जे मेंदूत कायन्युरेनिक आम्ल बनवतं. कायन्युरेनिक आम्लही एनएमडीए ग्राहकाला रोखतं. तेव्हा तारकापेशी मरण्याआधीही हे द्रव्य मेंदूचा हिशेब हलवतं. म्हणून मी याला निवडक विष म्हणायला कचरतो. ते अमुक मात्रेत, अमुक तासांत, अमुक रूपात निवडक आहे, एवढंच म्हणावं.

उंदीर उदास झाला म्हणजे तुमच्या भावाचं दुःख समजलं असं कुणी म्हणू नये. प्राण्यांबद्दल विचारलंत ते बरोबरच आहे. प्रत्येक प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे किती प्राणी आणि का, हे लिहून द्यावं लागतं. तिथं 'कमी प्राण्यांत भागेल का' हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. तारकापेशींच्या दीड महिन्याच्या चुकीतही पिल्लं गेली. माझ्याकडूनही अशी गेली आहेत. त्याचा भार वाटतो आणि वाटत राहावा.

उंबरठा

धन्यवाद. भावाला दाखवतो. तो रसायनशास्त्राचाच होता.

तारकापेशी

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले.

नवी एल बाटली आली. आल्यावर दोघींनी लेबल मोठ्याने वाचलं, एक मी आणि एक आमची एमएस्सीची ज्युनियर. एल, डी आणि डीएल तिन्ही शेजारी शेजारी लावले, पीएच एकच, विषाशिवायची थाळी सोबत. @नेत्रपटल यांच्या सांगण्यावरून प्रत्येकाच्या चार मात्रा. @सूक्ष्मदर्शी यांच्या सांगण्यावरून जीएफएपीसोबत एस-१००-बीटा, आयबा-वन आणि चेतापेशींसाठी मॅप-टू. नवीन पिल्लं कमीत कमी लागावीत म्हणून मॅडमनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या कल्चरमधल्या उरलेल्या पेशी मिळवून दिल्या.

एकच फेरी झाली आहे, तेव्हा हा निष्कर्ष समजू नका. एलच्या वरच्या दोन मात्रांत दोन्ही खुणांनी तारकापेशी कमी. तिसऱ्या दिवशी त्याच थाळ्यांत चेतापेशींचे तंतू मण्यांसारखे तुटक दिसू लागले. डीएलच्या थाळीत तारकापेशी थोड्या कमी, पण तंतू सलग. डीच्या थाळीत दोन्ही जवळपास जशाच्या तशा. माझ्या जुन्या आनंदाचं कारण त्या मधल्या थाळीत आहे. सर्वांत वरच्या मात्रेत मायक्रोग्लियाही फुगलेल्या दिसल्या, त्यामुळे पुढच्या फेरीत ल्युसिन मिथाइल एस्टर घालून त्या आधी काढायच्या आहेत.

डीएलची जुनी बाटली फेकली नाही. तुलनेसाठी लागणार आहे. तिच्यावर लाल मार्करने मोठ्या अक्षरात डीएल लिहिलंय.

निवृत्त_पिंपरीकर

छान. वहीत बाटल्यांचे लॉट नंबर लिहिलेत का?

तारकापेशी

लिहिले, काका. तिन्ही बाटल्यांचे, उघडल्याच्या तारखेसकट.